दोन औंसांचा हिशोब : कुंडीतल्या भाजीचा इतिहास



कुंडीत लावलेली भाजी मेली की आपल्याकडं निदान ठरलेलं असतं. "माझ्या हाताला गुण नाही." शेजारणीच्या डब्यातली मिरची लगडलेली आणि आपल्या डब्यातली पिवळी, म्हणजे आपला हातगुण वाईट. बचत गटाच्या बैठकीत बियाण्याची पाकिटं वाटली जातात, पावसाळ्यात घरोघरी डबे, बादल्या, सिमेंटची पोती भरली जातात आणि दिवाळीपर्यंत निम्म्या डब्यांत नुसती माती उरते. त्या बाईनं पुन्हा डबा भरायचा नाही असं ठरवलेलं असतं.

ही गोष्ट मला हसण्यावारी नेण्यासारखी वाटत नाही. गावात घराभोवती आता फरशी झालीय. मोरीच्या सांडपाण्यावरची केळ, अळू, दोडक्याचा वेल गेला. शेतात ऊस किंवा सोयाबीन, आणि भाजी आठवडी बाजारातून. ज्यांना गुंठाभरही जमीन नाही त्यांना तर डबा आणि पोतं हीच काय ती शेती. त्यांनी हातगुणावर खापर फोडून सोडून दिलं तर घरातली ताजी मेथी, कोथिंबीर, वांगं कायमचं गेलं.

दुसरीकडं आपण शेतकरी गडी. "कुंडीत कसली शेती? पोरखेळ आहे तो." पण आपण पिकाचं पाणी लिटरमध्ये मोजतो, खताचा डोस किलोत सांगतो, हरभऱ्याला पेरणीआधी रायझोबियम चोळतो. यातली बरीच अक्कल माणसाला आधी कुंडीत आली, शेतात नंतर. कृषी पदवीधर मित्रांनी ही नावं परीक्षेपुरती वाचलेली असतात. आज ती सगळ्यांसाठी, घरच्या डब्याशी जोडून सांगतो.

पहिली कुंडी : विलोचं झाड

सतराव्या शतकात ब्रसेल्सजवळ यान बाप्टिस्ट व्हॅन हेल्माँट नावाचा वैद्य राहत होता. झाड वाढतं ते कशातून, हा त्याचा प्रश्न. माती खाऊन वाढतं असा तेव्हाचा समज. त्यानं भट्टीत सुकवलेली 200 पौंड माती एका मोठ्या कुंडीत भरली, त्यात 5 पौंड वजनाचं विलोचं रोप लावलं. धूळ पडू नये म्हणून कुंडीला भोकं पाडलेल्या पत्र्याचं झाकण. पाणी फक्त पावसाचं, नाहीतर ऊर्ध्वपातन केलेलं. असं पाच वर्षं.

पाच वर्षांनी झाड उपटून तोललं. 169 पौंड आणि वर सुमारे 3 औंस. चार वर्षांत गळलेली पानं त्यानं मोजलीच नाहीत. मग माती पुन्हा सुकवून तोलली. 200 पौंडाला सुमारे 2 औंस कमी.

त्याचा निष्कर्ष असा की 164 पौंड लाकूड, साल आणि मुळ्या निव्वळ पाण्यातून तयार झाल्या. 1644 मध्ये तो वारला आणि 1648 मध्ये त्याच्या मुलानं हे लिखाण छापलं.

निष्कर्ष चुकला, पण पद्धत बघा. शेतात हे कधीच करता आलं नसतं. शेतात मूळ कुठवर गेलं, पाणी कुठं मुरलं, शेजारच्या बांधावरून काय वाहून आलं, कसलाच पत्ता लागत नाही. कुंडीला मात्र तळ आहे आणि भिंत आहे. आत काय गेलं, बाहेर काय आलं, ते काट्यावर घालता येतं.

गंमत म्हणजे 'गॅस' हा शब्द याच माणसानं रूढ केला. त्यानं 62 पौंड ओकचा कोळसा जाळला, राख उरली 1 पौंड. बाकीचं 61 पौंड न दिसणाऱ्या वायूच्या रूपात उडून गेलं हे त्यानं लिहून ठेवलंय. तो वायू म्हणजे आपला कार्बन डायऑक्साइड. त्याच्या विलोच्या लाकडातला कार्बन ह्याच वायूतून आला होता. दोन्ही गोष्टी त्याच्या हातात होत्या, जोडल्या गेल्या नाहीत. ती जोडणी व्हायला 1804 साल उजाडलं. प्रिस्टली, इंगेनहाउस, सेनेबिए यांच्या कामावर पुढं चढून जिनिव्हाच्या द सोस्यूरनं हवा, पाणी आणि मातीतली खनिजं असा तिघांचा वाटा मांडला.

आणि ते दोन औंस? म्हणजे जेमतेम 57 ग्रॅम. 200 पौंडांपुढं काहीच नाही, म्हणून हेल्माँटनं ते सोडून दिले. पुढचा दोनशे-अडीचशे वर्षांचा खताचा इतिहास त्या दोन औंसांतच आहे. 1699 मध्ये लंडनच्या जॉन वुडवर्डनं पुदिन्याची रोपं वेगवेगळ्या पाण्यात वाढवली. पावसाच्या पाण्यात वाढ कमी, थेम्स नदीच्या पाण्यात जास्त आणि बागेतली माती मिसळलेल्या पाण्यात सगळ्यात जास्त. पाणी जितकं 'घाण' तितकं रोप जोमदार. म्हणजे मातीतून येणारं ते चिमूटभर काहीतरी महत्त्वाचं होतं.

दुसरी कुंडी : सूर्यफूल काट्यावर

लंडनजवळच्या टेडिंग्टन गावात स्टीफन हेल्स नावाचा पाद्री होता. त्यानं 3 जुलै 1724 ला साडेतीन फूट उंच सूर्यफुलाची कुंडी तोलायला सुरुवात केली. कुंडीचं तोंड शिशाच्या पातळ पत्र्यानं बंद केलं, सांधे लिंपले, पाणी घालायला एक भोक ठेवून त्याला बूच बसवलं. आता पाणी बाहेर पडणार ते पानांतूनच. 8 ऑगस्टपर्यंत वेगवेगळ्या पंधरा दिवशी त्यानं सकाळ-संध्याकाळ वजन केलं.

दिवसाच्या बारा तासांत सरासरी 1 पौंड 4 औंस पाणी उडालं, म्हणजे साधारण 570 ग्रॅम. सगळ्यात कडक दिवशी 1 पौंड 14 औंस, म्हणजे 850 ग्रॅम. कोरड्या उबदार रात्री सुमारे 3 औंस, आणि दव पडलेल्या रात्री काहीच नाही. आकाराच्या हिशोबानं बघितलं तर हे सूर्यफूल माणसाच्या 17 पट घाम गाळतं, असा हिशोब त्यानं 1727 च्या पुस्तकात मांडला.

मला यात सगळ्यात जास्त आवडलेली गोष्ट वेगळीच आहे. प्रयोग संपल्यावर हेल्सनं झाड कापलं, बुडखा बंद केला आणि रिकामी कुंडी पुन्हा तोलत राहिला. कच्च्या, झिलई नसलेल्या मातीच्या कुंडीच्या भिंतीतूनच बारा तासांत 2 औंस पाणी उडत होतं. ते त्यानं हिशोबातून वजा केलं. हेल्माँटनं दोन औंस सोडून दिले, हेल्सनं दोन औंस धरले. फरक एवढाच, पण झाडाच्या पाण्याचा पहिला भरवशाचा आकडा त्यातून मिळाला.

आता आपल्या गच्चीवर या. हेल्सचं सूर्यफूल इंग्लंडच्या जुलैत होतं. आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात, तापलेल्या स्लॅबवर, वाऱ्यात उभ्या असलेल्या टोमॅटोला याहून कितीतरी जास्त पाणी लागतं. दहा लिटरच्या बादलीत चांगली भर असली तरी निचरा झाल्यावर झाडाला घेता येईल असं पाणी उरतं जेमतेम दोन-तीन लिटर. शेतातलं झाड पाणी कमी पडलं की मूळ खाली ढकलतं. कुंडीतल्या झाडाला खाली तळ लागतो. म्हणून शेतातली 'आठवड्याची पाळी' कुंडीला लावली की झाड गेलंच. आणि मातीची कुंडी असेल तर तिच्या अंगातून उडणारं पाणी वेगळं. त्याचा फायदाही आहे, मुळं थंड राहतात. पत्र्याचा डबा पाणी उडू देत नाही पण तापतो. त्याला बाहेरून चुना फासा आणि दुपारच्या उन्हाकडच्या बाजूला आडोसा द्या.

पाणी कधी द्यायचं याचं उत्तरही हेल्सनंच दिलंय : कुंडी उचलून बघा. पोरीच्या दप्तरासारखी हलकी लागली की द्या. वरची माती कोरडी दिसते म्हणून देऊ नका आणि झाड दुपारी मान टाकतं म्हणूनही देऊ नका. कडक उन्हात ओल असूनही भोपळावर्गीय वेल मान टाकतात, संध्याकाळी सावरतात.

तिसरी कुंडी : वाटाणा उपाशी का मरत नाही

फ्रान्समधल्या अल्सास भागात बूसिंगो नावाचा रसायनशास्त्रज्ञ होता आणि तो स्वतः शेती करणारा होता. 1837-38 मध्ये त्यानं भाजून निर्जीव केलेल्या मातीच्या कुंड्यांत क्लोव्हर, वाटाणा आणि गहू लावले. क्लोव्हर आणि वाटाण्यात बियाण्यापेक्षा जास्त नत्र भरलं, गव्हात नाही. द्विदल पिकानंतर गहू चांगला येतो हे शेतकऱ्याला पिढ्यान्‌पिढ्या माहीत होतं, आता त्याला काट्याचा आधार मिळाला.

पण पुढं गडबड झाली. 1850 च्या दशकात त्यानंच हा प्रयोग जास्त काटेकोरपणे, जास्त निर्जंतुक करून पुन्हा केला, तर द्विदलातही नत्र वाढलं नाही. इंग्लंडच्या रोदमस्टेड केंद्रात लॉज, गिल्बर्ट आणि अमेरिकन इव्हान प्यू यांनी 1857-58 मध्ये माती कडक भाजून, काचेखाली झाडं वाढवून बघितलं. तेच. निष्कर्ष निघाला की झाड हवेतलं नत्र घेत नाही.

प्रयोग खोटा नव्हता. कुंडी नको इतकी स्वच्छ झाली होती.

कोडं सोडवलं जर्मनीतल्या बेर्नबुर्गच्या हेलरीगेल आणि विल्फार्ट यांनी. त्यांनी कुंड्यांत धुतलेली वाळू भरली, नत्र सोडून बाकी सगळं दिलं. ओटला जितकं नत्र द्यावं तितकीच वाढ, अगदी मापात. वाटाण्याचं मात्र विचित्र. काही कुंड्यांत रोपं पिवळी पडून तशीच राहिली, काही कुंड्यांत पिवळी पडली आणि अचानक हिरवीगार होऊन वाढू लागली. उपटून बघितलं तर हिरव्या रोपांच्या मुळांवर गाठी. मग त्यांनी शेतातली माती पाण्यात कालवून ते पाणी थोडं थोडं कुंड्यांत घातलं. सगळे वाटाणे हिरवे. तेच पाणी उकळून घातलं तर काही नाही. म्हणजे त्यात जिवंत काहीतरी होतं. 1886 मध्ये बर्लिनच्या परिषदेत त्यांनी हे सांगितलं, 1888 मध्ये सविस्तर छापलं. त्याच साली हॉलंडच्या बायरिंकनं गाठीतला जिवाणू वेगळा काढला. 1896 पर्यंत जर्मनीत जिवाणू संवर्धकाचं पेटंटही झालं. आज सोयाबीनला चोळतो त्या पाकिटाचा हा खापरपणजोबा.

अजून एक बारकावा त्यांच्या लक्षात आला होता. वाटाण्याला चालणारं मातीचं पाणी ल्युपिनला चालत नव्हतं. ल्युपिनला, जिथं ल्युपिन पिकतं तिथल्या रेताड मातीचंच पाणी लागायचं. म्हणूनच आज हरभऱ्याचं रायझोबियम वेगळं आणि सोयाबीनचं वेगळं.

कुंडीत भाजी लावणाऱ्यानं यातून काय घ्यायचं? हल्ली लोक विकतचं कोकोपीट आणतात आणि त्यात चवळी लावतात. कोकोपीटात चवळीचे जिवाणू असतीलच असं नाही. ज्या रानात चवळी झालीय तिथली ओंजळभर माती त्यात मिसळा. मेथीचा जिवाणू लसूणघासाशी जुळतो, म्हणून गोठ्यामागच्या घासाच्या वाफ्यातली माती मेथीला चालते. अर्थात पाल्याची मेथी महिन्याभरात उपटायची असते, गाठी पुरत्या कामाला लागेपर्यंत ती ताटात येते. तिला थोडं खत द्यावंच लागतं. घेवडा गाठी करतो पण नत्र बांधण्यात आळशी, त्याच्यावर विसंबू नका. चवळी मात्र भरवशाची.

चौथी कुंडी : मातीचंच कोडं

आता हातगुणाच्या मुळाशी येऊ. शेतात सोनं पिकवणारी काळीभोर माती डब्यात भरली की झाड का मरतं?

युरोपातल्या माळ्यांना हे कोडं फार जुनं. प्रत्येक जाणता माळी प्रत्येक झाडासाठी वेगळी भर करायचा. सडलेला पाला, वाळू, जुनी गवताची ढेकळं, विटांचा चुरा. प्रमाण कोणाला सांगायचं नाही, शिष्यालाही बघून बघूनच शिकावं लागायचं. तिथलाही तो हातगुणच.

1930 च्या दशकात लंडनजवळच्या मर्टनमध्ये जॉन इन्स बागायती संस्थेत विल्यम लॉरेन्स आणि जॉन न्यूवेल या दोघांनी हा हातगुण उलगडायचं ठरवलं. संस्थेत अनुवंशशास्त्राचे प्रयोग चालायचे, त्यासाठी हजारो रोपं कुंडीत वाढवावी लागायची आणि रोपं कोलमडून मरायची. शेकडो मिश्रणं करून बघितल्यावर कळलं की झाडागणिक वेगळी माती लागतच नाही. दोन मिश्रणं पुरतात, एक बी रुजवायला आणि एक वाढवायला.

वाढवायच्या मिश्रणाचं सूत्र मापानं असं : 7 भाग पोयट्याची माती, 3 भाग पीट (दलदलीत साठलेला अर्धवट कुजलेला शेवाळ-पाला), 2 भाग भरड वाळू. बियांसाठी 2 भाग माती, 1 भाग पीट, 1 भाग वाळू. माती आधी वाफेनं तापवून घ्यायची, म्हणजे रोपं कोलमडवणारी बुरशी आणि तणाचं बी मरतं. वाढीच्या मिश्रणात खत म्हणून वजनानं 2 भाग खुरं-शिंगांचा चुरा, 2 भाग सुपर फॉस्फेट, 1 भाग सल्फेट ऑफ पोटॅश, शिवाय थोडी चुनखडी. 1939 मध्ये त्यांनी हे पुस्तकरूपात छापलं आणि सूत्र सगळ्यांसाठी खुलं ठेवलं. पिढ्यान्‌पिढ्या कानात सांगितलं जाणारं गुपित एका पानावर आलं.

या सूत्रात वाळू आणि पीट एवढं का? उत्तर आपल्या एका शब्दात आहे : वाफसा.

शेतात पाऊस पडून गेला की दोन-तीन दिवसांत वाफसा येतो, कारण वरचं पाणी खालची माती ओढून घेते. खाली तीन-चार फूट माती असते. कुंडीत खाली भोक आणि भोकाखाली हवा. मातीतलं पाणी त्या हवेत सहजासहजी उतरत नाही, तळाशी अडून राहतं. घरी करून बघा. भांडी घासायचा चौकोनी स्पंज पूर्ण भिजवून आडवा धरा, ठिबकायचा थांबेपर्यंत थांबा. मग तोच उभा करा, पुन्हा पाणी ठिबकेल. स्पंज तोच, उंची वाढली म्हणून निचरा वाढला. कुंडी म्हणजे आडवा स्पंज. जितकी उथळ, तितका तिचा चिंब भाग जास्त.

आपली काळी माती तर बारीक चिकणमाती. शेतात खोलीच्या जोरावर ती वाफसा देते, डब्यात तळाचे चार-पाच बोटं कायम चिखल. मुळाला हवा नाही, मूळ कुजतं, पानं पिवळी पडतात. पिवळी पानं बघून बाई अजून पाणी घालते. आणि उन्हाळ्यात एखाद्या दिवशी पाणी चुकलं की हीच माती आकसून डब्याच्या कडेपासून सुटते. मग घातलेलं पाणी त्या फटीतून सरळ भोकाबाहेर. वरून बघणाऱ्याला वाटतं पाणी पोचलं, मधला गोळा कोरडा ठणठणीत. यात हाताचा काय दोष?

तळाला दगड-खापऱ्यांचा थर घालायची पद्धत सगळीकडं आहे. मातीभौतिकशास्त्र उलटं सांगतं. बारीक मातीतलं पाणी भरड थरात तेव्हाच उतरतं, जेव्हा बारीक माती पुरती चिंब होते. म्हणजे दगडांनी चिखलाचा थर फक्त वर सरकतो आणि मुळाची जागा कमी होते. भोकावर एक खापरी, माती वाहून जाऊ नये एवढ्यापुरती, बास.

माती वजा केली तर

यानंतर माणसानं मातीच काढून टाकायचा घाट घातला. कॅलिफोर्नियात गेरिक नावाच्या प्राध्यापकानं अन्नद्रव्यांच्या पाण्यात टोमॅटो वाढवले आणि 1937 मध्ये 'हायड्रोपोनिक्स' हे नाव रूढ केलं. आपल्या देशात 1946 मध्ये कालिंपाँगला जेम्स शोल्टो डग्लस यांनी यावर काम सुरू केलं. महागडी यंत्रं नकोत, साध्या वाफ्यात खडी-वाळू आणि मोजून दिलेलं खत, अशी त्यांची 'बंगाल पद्धत'. 1960 च्या दशकात अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात बूडली आणि शेल्ड्रेक यांनी पीट आणि व्हर्मिक्युलाइटसारख्या हलक्या खनिजांचं बिनमातीचं मिश्रण बसवलं. पीटची जागा आपल्याकडं नारळाच्या काथ्याच्या भुशानं घेतली. जो भुसा काथ्याच्या कारखान्याबाहेर ढिगानं पडून राहायचा तो आज कोकोपीट म्हणून विकला जातो.

मिरची, टोमॅटो, कोबी लावणाऱ्या मित्रांनो, तुम्ही नर्सरीतून आणता तो प्रो-ट्रे म्हणजे शंभराच्या आसपास चिमुकल्या कुंड्या. तुमच्या एकरभर पिकाचा पहिला महिना कुंडीतच जातो. तेव्हा 'कुंडीत कसली शेती' म्हणण्याआधी जरा थांबा.

आपल्या डब्याचा हिशोब

शेवटी पुन्हा त्या दोन औंसांकडं. कुंडीतल्या झाडाला खत किती लागतं?

मिरचीला हेक्टरी 100 किलो नत्र धरू. लागवड 60 बाय 45 सेंटीमीटर, म्हणजे एका झाडाला 0.27 चौरस मीटर जागा आणि हेक्टरी सुमारे 37,000 झाडं. एका झाडाच्या वाट्याला पूर्ण हंगामात 2.7 ग्रॅम नत्र येतं. युरियात सांगायचं तर सहा ग्रॅमला थोडं कमी. दोन औंसांचा विसावा भागही नाही.

इथं दोन चुका होतात. बारा इंची कुंडीचं तोंड 0.07 चौरस मीटर. कोणी क्षेत्रफळावरून डोस काढला तर झाडाला पाऊण ग्रॅम नत्र मिळेल, म्हणजे गरजेच्या पावपट. झाड उपाशी. कोणी मूठभर युरिया टाकला तर तो चाळीस-पन्नास ग्रॅम, आठ झाडांचा हंगाम एका दिवसात. मुळं करपतात. शेतात ही मूठ आजूबाजूला विरून जाते, डब्यात विरायला जागा नसते.

म्हणून झाडाप्रमाणे मोजा आणि तुकड्यांत द्या. 2.7 ग्रॅम वीस आठवड्यांत वाटलं तर आठवड्याला 19:19:19 चं पाऊण ग्रॅमहून थोडं कमी होतं. ते एक लिटर पाण्यात विरघळवून ओल्या भरीवर द्या. रासायनिक नको असेल तर गांडूळखतात दीड टक्का नत्र धरून 180 ग्रॅममध्ये तेवढं नत्र आहे. पण ते सावकाश सुटतं, म्हणून दुप्पट घ्या आणि तीन-चार वेळा वरून मिसळा. भोकातून गळणारं पाणी नत्र घेऊन जातं. खाली ताटली ठेवा, साचलेलं पाणी लगेच परत वरून ओता. ताटलीत साचू देऊ नका, तळ पुन्हा चिखल होतो.

मी स्वतः भर करतो ती अशी : एक घमेलं पोयट्याची माती, एक घमेलं पूर्ण कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, एक घमेलं कोकोपीट. कोकोपीट आधी दोन-तीन पाण्यांत धुवून, कारण त्यात क्षार असतात. कोकोपीट नसेल तर भरड वाळू, पण कुंडी जड होते. गच्ची जुनी असेल तर वजनाचा विचार करा. माती काळीच मिळत असेल तर ती निम्म्यावर आणा आणि वाळू वाढवा. बी रुजवायची माती उन्हाळ्यात ओली करून, प्लॅस्टिकच्या कागदाखाली महिनाभर कडक उन्हात तापवा, वाफेचं काम बऱ्यापैकी होतं. मेथी-कोथिंबिरीला सहा इंच खोली चालते. टोमॅटो, वांगी, मिरचीला फूटभर तरी खोल आणि पंधरा-वीस लिटरचा डबा घ्या. जो डबा उंच, त्यात वाफसा लवकर.

परसबागेची पाकिटं वाटणाऱ्या अधिकारी मित्रांना आणि गटाच्या ताईंना एक विनंती आहे. बियाण्यासोबत भरीचं प्रमाण लिहिलेली चिठ्ठी द्या आणि पहिल्या दिवशी एक भरलेला डबा सगळ्यांना हातानं उचलून बघायला लावा : ओला किती जड, पाण्याला आलेला किती हलका. तेवढं हाताला कळलं की निम्मं काम झालं.

ज्या ताईंनी डबे रिकामे करून अडगळीत टाकलेत त्यांनी एकच डबा परत भरा. मिरचीची दोन रोपं लावा, कोण जोमदार ते बघून एक उपटा. तुमच्या गावची माती कोणती, भर काय केली आणि दिवसाआड पाणी पुरतं का रोज लागतं, हे मला लिहून कळवा. उन्हाळा संपला की सगळ्यांच्या नोंदी एकत्र करून इथंच मांडतो.